खिडकी नसलेला घाणा

पूर्वी सुवर्णतीर नगरात नंदिसेन राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, माघातल्या थंडीत हे घडले. बोधिसत्त्व तेव्हा सोमिल नावाचा तेली होता. त्याचा घाणा उघड्या छपराखाली. लोक आपले तीळ आणीत, समोर बसून गाळून घेत आणि तेल घरी नेत. मजुरी म्हणून सोमिलाला तेल गाळून उरलेली पेंड मिळे.

शेजारी कुंडक तेली. किती तिळांचे किती तेल निघते हे कोणाला कळू नये म्हणून त्याने घाण्याभोवती भिंती घातल्या होत्या. खिडकी एकही नाही. अशा ठिकाणी आपले तीळ कोण सोडील? म्हणून कुंडक स्वतःच पोत्यांनी तीळ घेई आणि तयार तेल विके. नफा चांगला होता.

"सोमिला, पेंडीवर पोट भरतोस! बैलाचा भाऊ शोभतोस," तो म्हणे.

"बैल आधी जेवतो, दादा. उरलं तर मी."

एका सकाळी गल्लीतली नऊ माणसे बरळू लागली. सगळ्यांनी कुंडकाचे तेल खाल्ले होते. कुंडक घरी धावला. त्याची लेक उप्पला भिंतीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होती.

"उप्पले!"

"कोण रे तू?" ती म्हणाली.

कुंडकाने तिला उचलून खाटेवर निजवले.

लोक काठ्या घेऊन आले. कुंडक बुडाला तर सगळी गिऱ्हाइके सोमिलाची होणार होती. तरी सोमिलच दारात आडवा उभा राहिला. "याला मारून माणसं बरी होतील का? आधी वैद्याला आणा."

मग त्याने कुंडकाच्या घाण्यातले पोते उन्हात ओतले. तिळांत धोत्र्याचे बी होते, ज्याने माणूस बरळू लागतो. थोडेथोडके नाही, मुठीमुठीने.

"मी नाही मिसळलं! लेकीची शपथ!" कुंडक ओरडला.

"ठाऊक आहे, दादा. शेतातूनच आलं असणार. पण अंधारात तुम्हांला दिसलं नाही, आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं."

तिसऱ्या दिवशी सगळी माणसे शुद्धीवर आली. उप्पलेने बापाला हाक मारली. कुंडकाने पहार उचलली आणि भिंती पाडल्या. त्याच्या तेलाला आता कोणी शिवत नव्हते. सोमिलाने आपली निम्मी गिऱ्हाइके त्याच्याकडे धाडली. "समोर बसा, गाळून घ्या," एवढेच सांगितले. तेव्हापासून कुंडकही पेंडीवर राहिला. जागा बांधावी तसा धंदा वळतो.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगून त्या जन्मीची माणसे या जन्मीच्या माणसांशी जुळवली. उप्पला ती भिक्षुणी खेमिका, कुंडक तो भिक्षू तिंदुक, सोमिल ते स्वतः. ही करुणेची पारमिता, म्हणजे परिपूर्णता.

मागच्या वर्षावासात, पावसाळ्यातल्या मुक्कामात, शास्ते तापाने पडले, तेव्हा तिंदुकाने चाळीस दिवस त्यांची सेवा केली. त्या जन्मीचे ऋण फिटले.