पाढ्यांचं गाणं कोणाचं?

फार जुनी नाही, पण फार लांबच्या एका गावातली ही गोष्ट. तिथे एक गुरुजी होते. शिकवायचे जीव तोडून, पण स्वभाव मेला संशयी. दोन मुलांचं उत्तर सारखं आलं की यांच्या भुवया चढल्याच. "कोणी कोणाचं उतरवलं?"

दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवणाऱ्याला त्यांच्या वर्गात एकच शिक्षा होती. उंबरठ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, "हे माझं नाही, अमक्याचं आहे." मुलं इतकी तयार झाली होती की गुरुजींच्या आधी तीच चोर पकडत.

आता गंमत ऐका. याच गुरुजींचं पाढ्यांचं गाणं पंचक्रोशीत गाजलेलं. 'बे एके बे, राघू खाली ये. बे दुणे चार, पेरू आहेत फार.' गाणं कोणी रचलं असं विचारलं की गुरुजी नुसते हसत, आणि लोक काय समजायचं ते समजत. खरं तर घाटापलीकडच्या शाळेतल्या अंबूबाईंच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं होतं आणि गुपचूप वहीत उतरवून आणलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. शाळेच्या दारात परकं माणूस दिसलं तरी ते आधी 'कुठल्या गावचे?' असं विचारायचे.

एक दिवस लेकीच्या गावी निघालेल्या अंबूबाई पाणी प्यायला शाळेत शिरल्या. आता त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. मुलं गाणं म्हणत होती. बाईंचा चेहरा उजळला.

"अगं बाई, माझं गाणं इथवर आलं की."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मुलगी पुढे झाली. "तुमचं कसं? हे आमच्या गुरुजींचं आहे. तुम्ही उतरवलंत ना? मग उंबरठ्यावर उभ्या राहा."

बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. काय झालं असेल ते ओळखलं. पण बोलल्या एवढंच, "जन्मभर पोरांना शिकवलं. चोर मात्र आज ठरले." त्यांनी आपलं गाठोडं उचललं.

गुरुजींना सगळं कळत होतं. गप्प बसलं तर बाई दोन मिनिटांत निघून जाणार होत्या, आणि कोणाला काही कळणार नव्हतं. बोललं तर इतक्या वर्षांची अब्रू जाणार होती. त्यांनी मुलीच्या कठोर डोळ्यांकडे पाहिलं. ती नजर त्यांचीच होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

ते उठले आणि उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले. "हे गाणं माझं नाही. अंबूबाईंचं आहे. मी त्यांना न विचारता उतरवलं आणि तुम्हाला कधी सांगितलं नाही."

बाई म्हणाल्या, "शिकवायला मी नको म्हटलं असतं का हो? विचारलं असतंत तर आणखी चार गाणी दिली असती."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर एक कविता लिहिली आणि खाली कवीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. कालचीच मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, हे नक्की त्यांचंच ना?"

गुरुजींना राग आला नाही. त्यांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. पुढे वर्षभर, रोज, त्यांना असंच दाखवावं लागलं.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याचं घ्यावं ते विचारून आणि वापरावं ते त्याचं नाव घेऊन. शिकवणाऱ्याने तर आधी. कारण मुलं सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं नाही.