दोन बुट्ट्या लाल माती

आमच्या दारात रोज सकाळी दुधाचा तांब्या कोण ठेवून जायचं? मी आईला विचारलं, तालमीच्या वस्तादांना विचारलं, शेजारी विचारलं. कुणीच सांगितलं नाही. तांब्या पितळेचा होता आणि त्याच्या काठाला बोराएवढा पोचा होता. माझा बिरूदादा तापानं पडून होता आणि आमच्याकडे म्हैस सोडाच, शेळीसुद्धा नव्हती. त्या दुधावर दादा आणखी एक महिना माझ्याशी बोलला, हसला. मग दादा गेला, आणि तांब्या यायचा थांबला.

दादा खालच्या तालमीचा पैलवान. टेकडीवर वरची तालीम. दोन्ही तालमींचं वैर फार जुनं. वर्षातून एकदा नदीकाठी कुस्त्यांचं मोठं मैदान भरे, तेव्हा दोन्ही समोरासमोर येत. मैदानाची एक रीत होती. प्रत्येक तालमीनं आपल्या आखाड्यातली बुट्टीभर लाल माती आणायची आणि मैदानाच्या मातीत मिसळायची, म्हणजे कुणालाच परक्या मातीत लढावं लागत नाही. जिची माती नाही, तिची कुस्ती नाही. आमची बुट्टी दरवर्षी दादा न्यायचा. या वर्षी वस्तादांनी ती माझ्या डोक्यावर दिली.

ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती मऊ मऊ माती. तिला दादाच्या अंगाचा वास येत होता.

वाटेत ओढ्याकाठी शेवंतीची पिवळीधमक बाग लागते. तिथं वरच्या तालमीचा मल्लू पैलवान आपली बुट्टी टेकवून बसला होता. मला बघून हसला.

"काय धुळा, मान अवघडली का? बिरू तर ही बुट्टी एका हातावर न्यायचा गा."

एवढं बोलून तो वळणापलीकडच्या झऱ्यावर पाणी प्यायला गेला. दादाचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्याची बुट्टी उचलली आणि ओढ्यात पालथी केली. पाणी लालेलाल झालं. मग बुट्टीच्या तळाशी चिकटलेली चिमूटभर माती दिसली. तिला तसाच हळदीचा वास होता. तीही कुणीतरी पहाटे उठून मळली होती. मी मटकन बसलो आणि रडू लागलो.

तेवढ्यात शेवंतीचं एक फूल हललं. पाकळ्या बाजूला सारून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, लाल मातीचा झगमगता झगा आणि पायात दवाचे पिटुकले वाळे.

"रडू नको रे बाळा," ती म्हणाली. "एक मागणं माग. पण तीन नियम आहेत. गेलेलं माणूस परत येत नाही. तुझ्या मागण्यानं कुणाची पाठ मातीला लागायची नाही. आणि ज्याचं सांडलंस, त्याला आपल्या तोंडानं सांगायचं."

"पहिला नियम काढून टाक की," मी म्हणालो.

तिनं माझ्या बोटावर इवलासा हात ठेवला. "तो माझ्याही हातात नाही रे."

मी डोळे पुसले. "मग त्यांची बुट्टी भरून दे."

"तळाशी चिमूटभर आहे, ते बी झालं. पण बियाला सोबत लागते. तुझ्यातली अर्धी दे."

दादाची माती द्यायची? माझे हात पुढं होईनात. शेवटी ओंजळ ओंजळ करून मी अर्धी दिली. परीनं पंख फडफडवले, सोनेरी कण भुरभुरले, आणि दोन्ही बुट्ट्या काठोकाठ भरल्या.

मल्लू परत आला. "मी तुमची माती ओढ्यात ओतली," मी म्हणालो. "आता आहे त्यात अर्धी आमची आहे."

"हातातनं निसटली, का रागानं ओतलीस?"

"रागानं."

त्यानं चिमूट उचलून हुंगली. मग म्हणाला, "बिरूची माती हाय. आमचं भाग्य म्हणायचं."

तेव्हा मला त्याच्या हातातला पितळी तांब्या दिसला. काठाला बोराएवढा पोचा.

"ते दूध..." मी म्हणालो.

"चल बिगी बिगी, कुस्त्या खोळंबल्यात," मल्लू म्हणाला आणि माझीही बुट्टी त्यानं आपल्या खांद्यावर घेतली.

मैदानात आम्ही दोघांनी माती ओतली, मी हातांनी सारखी केली. तर तिच्यावर एक पाऊल उमटलं. करंगळी बाहेर वळलेली. दादाचीच. मी त्यावर तळहात ठेवला. पाऊल ऊन ऊन लागलं.

"पाऊल म्हणजे काही माणूस नव्हे," परी माझ्या कानाशी कुजबुजली. "नियम मोडला नाही हं मी." ती खुदकन हसली, तिचा झगा उजळत उजळत लख्ख झाला, आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

हलगी वाजली. त्या दिवशी कोण जिंकलं, कोण हरलं, मला आठवत नाही. प्रत्येकानं कपाळाला तीच माती लावली होती, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी आम्हा पोरांना खुराकाचं दूध वाटलं. माझ्या वाट्याचं मी प्यायलो नाही. घरचा तांब्या राखेनं लख्ख घासला, त्यात दूध ओतलं, टेकडी चढलो आणि वरच्या तालमीच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"कोण हाय गा दारात?" आतून मल्लूचा आवाज आला.

मी ओ दिली नाही. तांब्यावर वाटी झाकली आणि पाय न वाजवता उतरलो.