सिदूची गाडी घाट चढते

एका गावात सिदू नावाचा एक भोळा गडी होता. पण दोष त्याचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दोष त्याच्या मामाचा, आप्पासाहेबाचा. या माणसानं जन्मात कधी गाडीचं बोनेट उघडलं नव्हतं, पण गाडीवर बोलायला बसला की पाराभोवतीची माणसं एकेक करून उठून जायची. मामा बोलतच राहायचा. समोर उरायचा एकटा सिदू. आणि सिदूला जे सांगाल ते तो करायचा. नेमकं तेच करायचा.

मामाच्या गोठ्यात जुनी कॉन्टेसा गाडी होती. लांबलचक, राखाडी, एकेकाळी तालुक्यात सगळ्यात जोरकस. आता तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मामाची मुलगी वैजू सिदूलाच द्यायची, हे दोघं रांगत होते तेव्हाच ठरलं होतं. सिदूला वैजू फार आवडायची. वैजूलाही सिदू चालत होता, कारण गावात खोटं न बोलणारा तो एकच होता. लग्न टेकडीवरच्या देवळात करायचं ठरलं. तेव्हा मामानं अट घातली.

"भावकी वर उभी असणार. आपली कॉन्टेसा दिमाखात घाट चढली पाहिजे. मध्ये बंद पडली तर लग्न मोडलं म्हणून समज."

"गाडी बंद पडणार नाही, मामा."

"आणि खर्च करायचा नाही. स्वस्तात जोर आण."

स्वतःला नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, जुनीवर खर्च करायचा नाही, आणि मिरवायचं मात्र सगळ्यांपुढं. असला हा वडीलधारा माणूस.

सिदूनं गाडी ढकलत बाबालाल मिस्त्रीकडं नेली. बाबालालनं एअर फिल्टर काढला. त्यातून धूळ निघाली, भुसा निघाला, कोंबडीची पिसं निघाली.

"हिचा श्वास कोंडलाय रे. हवा अडकली की मोकळी करायची."

फिल्टर झटकला, गाडी सुरू झाली. सिदूनं ते डोक्यात पक्कं केलं. घरी येऊन त्यानं गाडी सगळीकडून चाचपली. चाकं दाबून बघितली, तर आत हवाच हवा. अडकलेली. त्यानं चारही चाकांची हवा सोडली. डिकीतल्या स्टेपनीचीसुद्धा सोडली, तिच्यावर अन्याय नको म्हणून.

सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली बघून मामानं कपाळाला हात लावला.

"गाढवा, गाडीत ठासून भरायचं असतं. ठासून भरशील तेवढी पळेल."

"पुढच्या वेळी तसंच करतो, मामा."

पुढची वेळ ऑइल बदलायची आली. बाबालालनं काळं ऑइल काढलं, नवा डबा सिदूच्या हातात दिला आणि चहाला गेला. सिदूनं तो डबा ओतला, मग दुकानातला दुसरा ओतला. अगदी तोंडाशी ऑइल दिसायला लागल्यावर झाकण लावलं आणि किल्ली फिरवली. एवढा धूर झाला की गल्लीतली माणसं एकमेकांच्या घरात शिरली. मामीनं रुखवतासाठी वाळत घातलेल्या कुरडया काळ्या झाल्या.

मामा खोकत खोकत ओरडला, "अरे, जास्तीचं असेल ते काढून टाकायचं असतं!"

"पुढच्या वेळी तसंच करतो, मामा."

बाबालालनं ऑइल उपसलं, कार्बुरेटर धुतला, प्लग घासून चकचकीत केले. गाडी अशी गुरगुरायला लागली की वैजूसुद्धा गोठ्यात येऊन बघून गेली. ती गेल्यावर सिदूनं नीट तपासणी केली. दिवे दोन. एक जास्तीचा. काढला. वायपर दोन. एक काढला. प्लग चार. काम एकच, ठिणगी टाकायचं, मग चौघं कशाला? तीन काढले.

गाडी मेली. मामानं या वेळी चप्पल काढली.

"इंजिनाला हात लावायचा नाही! गाडीत जे काही काम न करता नुसतं बसून असतं, ते उतरव. वजन उतरलं की जोर आपोआप येतो."

हे मामाच्या आयुष्यातलं एकमेव बरोबर वाक्य असावं. प्लग, दिवा, वायपर परत बसले. सिदूनं स्टेपनी, गंजका जॅक आणि कोंबड्यांचं खुराडं उतरवलं. एकटाच बसून चक्कर मारली. कॉन्टेसा वाऱ्यासारखी गेली.

लग्नाच्या दिवशी सिदू मुंडावळ्या बांधून स्टिअरिंगवर बसला. शेजारी मामा, मागं मामी आणि वैजू. पहिल्या वळणावर गाडी धापा टाकायला लागली.

सिदूनं इंजिन चालू ठेवून ती कडेला घेतली.

"मामा, तुम्ही आत्ता काय काम करताय?"

"मी मुलीचा बाप आहे."

"ते काम वर पोचल्यावर. आत्ता नुसतं बसलाय."

मामानं वर बघितलं. देवळाच्या कठड्यावर भावकी ओळीनं उभी. गाडी इथंच मेली तर नाक जाणार. तो उतरला. "चालत येण्याचा नवस होता म्हणून सांगीन," म्हणाला. देवाच्या नावावर खपवायची त्याला सवयच होती.

दुसऱ्या वळणावर गाडी परत अडखळली.

"मामी, तुम्ही?"

"मी अक्षता सांभाळतेय की."

सिदूनं अक्षतांचं ताट स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मामीला उतरवलं.

तिसरं वळण सगळ्यात खडं. इंजिन फटफट करायला लागलं. गाडी बंद पडली तर वैजू हातची जाणार. त्यानं आरशात मागं बघितलं.

"वैजू, तू काय करतेयस?"

"विचार करतेय."

"कसला?"

"तुझ्याशी लग्न करावं का, याचा."

"म्हणजे बसलीच आहेस ना नुसती?"

"झाला विचार करून," वैजू म्हणाली आणि शालू सावरत उतरली. वरून डेअरीचा टेम्पो येत होता. तिनं हात केला.

इकडं कॉन्टेसा डरकाळी फोडत घाट चढली. भावकीनं शिट्ट्या मारल्या. सिदू तसाच बोहल्यावर जाऊन उभा राहिला. भटजींनी अंतरपाट धरला.

"मुलीला आणा."

कोणी आलं नाही. बऱ्याच वेळानं मामा पटका हातात घेऊन, धापा टाकत वर पोचला.

"वैजू कुठाय?"

"उतरवली," सिदू म्हणाला. "पण मामा, गाडी बंद पडली नाही. ऐका, अजून चालू आहे."

सिदूचं लग्न झालं नाही.