सेनापतीचं खजुराचं झाड

त्या गोष्टीला आता इतका काळ लोटला आहे, की तेव्हाच्या विहिरीसुद्धा वाळूखाली गेल्या. पैगंबरांना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, अशा माणसांपैकी एक सेनापती एका वाळवंटी वस्तीत राहत होता. लढाईत शूर आणि दिल्या शब्दाला पक्का. मात्र तो वाढला उंटांच्या मागे, तंबूत. झाडाझुडपांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

त्याची बायको उमैमा बागवानाची लेक होती. लेक लुबाबा अजून पाळण्यात होती, तेव्हा सरहद्दीवरचा दूरचा किल्ला सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं.

निघताना त्याने तोंडातल्या खजुराची बी काढली आणि अंगणात पुरली. म्हणाला, "हे झाड फळलं की मी परत येईन. त्याआधी नाही. अल्लाची शपथ."

शपथ घ्यायची गरज काय होती, असं तुम्ही विचाराल. त्याला स्वतःचीच भीती होती. घराची ओढ अनावर होईल आणि आपण काम टाकून पळून येऊ, असं त्याला वाटत होतं.

उमैमा काहीतरी बोलणार होती. बागवान लोक मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं रोप लावतात, बी लावत नाहीत. बीचं झाड नर निघालं तर त्याला फुलोरा येतो, फळ कधीच येत नाही. पण निघालेल्या माणसाच्या शपथेत खोट कशी काढायची? निम्मी झाडं मादी निघतातच की, असं तिने मनाला सांगितलं.

लुबाबा झाडाबरोबर वाढली. झाड तिच्या डोक्याहून उंच झालं आणि एका वसंतात त्याला पहिला फुलोरा आला. उमैमाने तो हातात घेऊन झटकला. पांढरी भुकटी तिच्या ओढणीवर सांडली. झाड नर होतं. ती तिथेच खाली बसली.

सरहद्दीवर सेनापती येणाऱ्या प्रत्येक काफिल्याला विचारायचा, "माझं झाड फळलं का?" शिपायांसमोर बायकोची खुशाली विचारायला तो लाजत असे. हजारोंच्या फौजेला न घाबरणारा माणूस तेवढ्याला घाबरायचा.

काफिला परत आला की उमैमा विचारायची, "काय म्हणाले?"

"झाडाचं विचारत होते."

"आणखी काही?"

"नाही. फक्त झाडाचं."

झाडाचं विचारणं म्हणजे आपलंच विचारणं, हे तिला समजत होतं. तरी तिला रडू यायचं. झाड नर आहे हा निरोप मात्र तिने कधी धाडला नाही. बायकोने बोलावून घेतलं, असं त्याला कुणी म्हणू नये, एवढाच तिचा हट्ट.

वर्षं गेली. लुबाबा मोठी झाली. दर वसंतात ती आपल्या झाडाचा फुलोरा तोडून शेजाऱ्यांच्या मादी झाडांवर बांधायची, आणि त्याची भुकटी लागली की शेजारचे घोस खजुरांनी लगडायचे. मग उमैमा आजारी पडली. अंथरुणावर तिने लेकीला शपथेची सगळी हकीकत सांगितली. लुबाबा ऐकत राहिली, मग उठून शेजारच्या बागांमध्ये गेली. पिशवीभर खजूर तिने काफिल्याबरोबर धाडले, आणि निरोप दिला, "अब्बा, हे तुमच्याच झाडाचे आहेत. फक्त लागले दुसऱ्यांच्या बागेत. शपथ पुरी झाली. अम्मी आजारी आहे, या."

सेनापतीने एक खजूर तोंडात टाकला आणि सगळ्या शिपायांसमोर रडला. किल्ला दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच दिवशी तो निघाला.

दारात उभ्या असलेल्या तरुण मुलीला त्याने ओळखलं नाही. उमैमाने मात्र त्याच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला.

"झाड नर आहे हे कळल्यावर निरोप का नाही धाडलास?" लेकीकडून झाडाची हकीकत ऐकल्यावर त्याने विचारलं.

"तुम्ही मला वाट पाहायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "बोलवायला नाही. आणि तुम्ही तरी माझं कधी विचारलंत?"

त्या हंगामाचे खजूर संपेपर्यंत दोघं रोज त्या झाडाखाली बसले. पुढच्या फुलोऱ्याला उमैमा नव्हती.

त्यानंतर वस्तीतून कुणी तरुण मोहिमेवर निघाला, की म्हातारा सेनापती त्याचा लगाम धरायचा. "काही पुरू नकोस," म्हणायचा. "कधी येशील ते घरी सांग, आणि काफिला भेटला की आधी माणसांचं विचार."

तात्पर्य: आपल्या माणसाकडे परतायला अटी घालू नयेत, आणि त्याची ओढ वाटत असेल तर ‘या’ म्हणायला लाजू नये.