पायघड्या कुणी घातल्या?

“पण महाराज, पुस्तकात तर मी तिच्याशी लग्न केलं ना?”

रंगराव इनामदारांचा आवाज मठात जरा चढलाच. साहजिक आहे. त्यांच्या कादंबरीवर अवघा मुलूख रडला होता. इनामदाराचा मुलगा, परटाची लेक आणि जगाच्या नाकावर टिच्चून थाटात लागलेलं लग्न. पोरीबाळी ते पुस्तक उशाशी घेऊन निजत.

खऱ्यात रंगरावांनी वडिलांपुढं मान तुकवली आणि तोलामोलाचं स्थळ पत्करलं. भागू परटीण गावातच राहिली, नदीवर धुणं धूत म्हातारी झाली. गेल्या चैत्रात ती गेली. खबर आली तेव्हा रंगरावांच्या गळ्यात सत्काराचा हार होता. तो काढायचंही त्यांना सुचलं नाही.

“तिनं मला माफ केलं असेल का? एवढंच सांगा. जीव थाऱ्यावर नाही माझा.”

भैरवगीर गोसाव्यांनी धुनीतलं लाकूड पुढं सारलं. राख उडाली, दोघांच्या पायांवर बसली.

“लग्नाचं वाच.”

रंगरावांनी पान काढलं. वाचायचे छान. सनई झाली, मांडव झाला, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि अंथरलेल्या शुभ्र पायघड्यांवरून निघाला…

“थांब. पायघड्या कुणी घातल्या?”

“परटानं. गावात तो मान त्यांचाच.”

“परटाची घरं किती गावात?”

“एकच.”

“म्हणजे नवरीच्या बापानं.”

रंगरावांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“मग कन्यादानाला कोण बसलं?”

रंगरावांनी पान उलटलं. मागं गेले, पुढं आले. नवरीचा बाप मांडवाच्या दारात वाकलेलाच राहिला होता. एवढ्या लोकांनी पुस्तक वाचलं, कुणीच त्याला आत बोलावलं नव्हतं. लिहिणाऱ्यानंही नाही.

“आणि तुझ्या खऱ्या लग्नात?”

“तिचा बाप तेव्हा अंथरुणाला खिळला होता…”

“मग?”

“भागूनं घातल्या.”

“कशी दिसत होती?”

“मी… मी समोर बघत होतो, महाराज. नवरदेवानं खाली बघायचं नसतं.”

बाहेर नदीवर कुणाचंही धुणं वाजत नव्हतं.

शेवटी रंगराव उठले. पुस्तक छातीशी धरलं, डोळे पुसत दाराकडं वळले. तेवढ्यात गोसाव्यांनी त्यांच्या आधी दार गाठलं, वाकून खांद्यावरची धुवट छाटी उंबऱ्याशी अंथरली आणि बाजूला झाले.

रंगराव तिच्यावरून बाहेर पडले. जोड्यात पाय घालताना सहज मागं बघितलं.

भगव्या छाटीवर राखेची दोन पावलं उमटली होती.

“महाराज… माझं लक्षच नव्हतं हो…”

भैरवगीरांनी छाटी उचलली. रंगरावांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि तिथं छाटी ठेवली.

“घाटावर तिचा दगड रिकामा आहे. धुऊन आण.”