बोटभर पेन्सिल

टिनाच्या डब्यांचा जमाना होता. चित्रं काढणाऱ्या बकुळाताईंच्या डब्यात शार्पनर कुजबुजला, "ऐकलंत का? उद्या ताई सगळ्या पेन्सिलींना घासून बघणार, आणि एकीला कायमची डब्याबाहेर..." तेवढ्यात झाकण लागलं.

झिजून बोटभर उरलेली मऊ पेन्सिल पुटपुटली, "मलाच काढा बाई. थकले आता."

सकाळी ताईंनी एकाच कागदावर सगळ्यांचे पट्टे ओढले. कडक शिशाची ओरखडली, नवीकोरी फिकी पडली. बोटभरीचा पट्टा मात्र काजळासारखा उतरला.

"अगं वेडे, मुद्दाम वाईट उमटायचंस की!" खोडरबर म्हणाला.

"कागद समोर आला की ते जमतच नाही रे."

ताईंनी तिला बांबूच्या नळीत खोचून लांब केलं, कानामागे अडकवलं आणि त्या कामाला निघाल्या. डब्याबाहेर काढणार, एवढं मात्र खरं निघालं.