तळ्याकाठची तार आणि रावजी टिटव्याची हरकत

एक होतं जंगल, आणि जंगलात होतं तळं. आता तळं म्हटलं की पाणी प्यायला जनावरं येतात, जनावरांमागून डास येतात आणि डासांमागून सरकार येतं. या जंगलातही ते येऊन बसलेलं होतं.

राजे होते बिबटेमहाराज. चांगले रीतसर निवडून आले होते हो! निवडणूक बिनविरोध झाली, कारण विरोधात उभी राहणारी दोन सांबरं अर्ज भरायच्या आदल्या दिवशी महाराजांकडे जेवायला गेली होती.

तर एकदा महाराजांना डोंगरावरच्या आपल्या गुहेत वीज हवीशी झाली. बिबट्याला अंधारात लख्ख दिसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण शेजारच्या जंगलातल्या राजाच्या गुहेत दिवा लागला होता, आणि तो आपल्या गुहेतून दिसत होता. महाराजांना झोप येईना. त्यांनी सभा बोलावली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! माझ्या गुहेत उजेड पडला, की तो तुम्हाला खालून दिसणार. मग तो उजेड कुणाचा? तुमचाच!"

जनावरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना टाळ्या जमत नव्हत्या त्यांनी शेपट्या आपटल्या.

तार तळ्याच्या काठाने जायची होती, आणि तिथे एक जुना कायदा आडवा आला. कुण्या भल्या राजाने तो करून ठेवला होता. तळ्याकाठी तार न्यायची तर परवाना हवा, आणि परवान्याआधी हरकत ऐकायला हवी. हरकत एकदाच आणि काठावर उभं राहून घ्यायची. हरकत घेणारा जिथे उभा, तो काठ सोडून दुसऱ्या काठाने तार न्यायची. कायदा इतका सोपा होता की तो वापरायचं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तळ्याला काठ दोन. एक कातळाचा, तिथे बेडूकसुद्धा राहत नव्हता. दुसरा वाळूचा, आणि त्या वाळूवर रावजी टिटवा आणि त्याची बायको सगुणा यांचा संसार होता. संसार म्हणजे काय, टिटव्यांत घर बांधायची पद्धतच नाही. चार खडे बाजूला सारून सगुणाने खळगा केला होता आणि त्यात चार अंडी घातली होती, खड्यांच्याच रंगाची. मोकळ्या वाळूवरची ती अंडी पिल्लं होईपर्यंत टिकवायची, एवढंच नवराबायकोला या जगाकडून हवं होतं.

रावजी स्वतःला तळ्यावरचा सगळ्यात हुशार पक्षी समजायचा. तळं लहान असल्यामुळे ते काही फारसं खोटं नव्हतं. त्याच्याकडे वडिलोपार्जित विद्या होती. शत्रू दिसला की अंड्यांपासून लांब पळत जायचं, तिथे जाऊन बोंब ठोकायची, पंख मोडल्यासारखा फरपटायचा. शत्रू आवाजामागे आला की भुर्रकन उडून जायचं. या विद्येवर टिटव्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या होत्या.

एका सकाळी स्थळपाहणीचं पथक आलं. पुढे परवाना अधिकारी सरडा. त्याची मान जन्मापासून वरखाली हलायची, त्यामुळे त्याच्याकडून एकही परवाना कधी नाकारला गेला नव्हता. मागे तारेच्या खांबांसाठी खड्ड्यांचं कंत्राट घेतलेला रानडुक्कर धोंडू मुकादम. आणि सगळ्यात शेवटी, पर्यावरणाचा तज्ज्ञ म्हणून नेमलेलं मुंगूस.

सगुणा म्हणाली, "अहो, सरळ इथंच उभं राहून सांगा की. इथं अंडी आहेत, तार कातळावरून न्या म्हणावं. तिथं कुणाचं काय जातंय?"

"तू गप्प बस गं! मुंगसाला अंड्यांचा पत्ता सांगू? डोकं फिरलंय का तुझं?"

"मुंगसाला मी बघते. तुम्ही कायद्याचं बघा."

"कायदा मला नको शिकवू. आमच्या घराण्यात अंडी कशी वाचवायची हे मला बापाने शिकवलंय."

आणि रावजी सुटला तो थेट कातळाच्या काठावर. तिथे त्याने जे भाषण केलं, त्याला तोड नव्हती. "या काठाला हात लावाल तर माझ्या प्रेतावरून जावं लागेल!" असं म्हणून त्याने एक पंख मोडून दाखवला, जमिनीवर लोळण घेतली, पुन्हा उठला, पुन्हा ओरडला. बदकं जमली, पाणकोंबड्या जमल्या. घोषणा सुरू झाल्या.

"तळं आमच्या हक्काचं!"

"नाही कुणाच्या बापाचं!"

रावजीच्या अंगावर काटा आला. आजवर त्याच्या ओरडण्यामागे साप आले होते, कुत्री आली होती. जनता पहिल्यांदाच आली होती. त्या नादात आपण इथे कशाला आलो होतो, हे तो थोडा वेळ विसरूनच गेला.

सरड्याने मान हलवली. "हरकत मंजूर! तार कातळाच्या काठाने जाणार नाही. लोकशक्तीचा विजय असो!"

धोंडू मुकादमाला तर आनंद लपवता येईना. कातळ फोडून फोडून त्याच्या पोरांचे सुळे झिजले असते. वाळू म्हणजे काय, नाक लावलं की खड्डा!

पण रावजीला एवढा विचार करायला सवड कुठे होती? बदकांनी त्याला खांद्यावर घेतलं. गळ्यात शेवाळाचा हार घातला. मिरवणूक डोंगरावर पोचली, तेव्हा स्वतः महाराज गुहेच्या तोंडाशी आले.

"विरोधक असावा तर असा!" महाराज म्हणाले. "तुम्ही सांगितलंत आणि आम्ही ऐकलं. या, बसा. घाबरू नका, आमचं जेवण झालंय."

रावजी छाती काढून बसला. सहज त्याने खाली पाहिलं. इथून तळं बशीएवढं दिसत होतं. कातळाच्या काठावर शुकशुकाट होता. वाळूच्या काठावर डुकरं ओळीने नाक खुपसून खणत होती.

 हार तिथेच टाकून तो जिवाच्या आकांताने खाली झेपावला.

"थांबा! इथं नका खणू! इथं माझी अंडी आहेत!"

सावलीत बसून मान हलवणारा सरडा म्हणाला, "रावजीसाहेब, हरकत एकदाच. तुम्ही मागितलंत ते मिळालं. आता स्वतःच्याच विजयाला विरोध करता?"

"अहो, ते खोटं होतं! खरं हे आहे! माझी पोरं आहेत हो इथं!" आणि घाबरून, कळवळून, काय करावं ते न सुचून रावजीने जन्मभर केलं तेच केलं. पंख फरपटत तो वाळूवर लोळू लागला.

धोंडू मुकादम क्षणभर थांबला. मग खो खो हसला. "पोरांनो, ऐकलंत ना? टिटवा बोंबलतोय इथं. म्हणजे इथं काय असेल?"

"काही नसेल!" डुकरं एका सुरात म्हणाली.

"मग खणा बिनधास्त!"

रावजी जितका ओरडला तितकी डुकरं निर्धास्त झाली. उकरलेल्या वाळूचा ढीग खळग्यावर कोसळला आणि दोन अंडी त्याखाली गेली. पुढचं नाक उरलेल्या दोनांवर येणार, तेवढ्यात सगुणा मध्ये आली. ती ओरडली नाही, लोळली नाही, पळालीही नाही. पंख पसरून त्या दोन अंड्यांवर बसली आणि धोंडूच्या डोळ्यांत बघत राहिली. मागून ते मुंगूस पुढे सरकलं, पण तिच्या चोचीकडे बघून जागच्या जागी थबकलं.

गप्प बसलेली टिटवी धोंडूने जन्मात पाहिली नव्हती. तो चरकला. "इथं नक्की काहीतरी आहे रे," असं म्हणून त्याने खांबाची जागा चार पावलं सरकवली.

खांब उभा राहिला, तार गेली, गुहेत दिवा लागला. त्या उजेडात रावजी वाळू उपसत बसला होता. दोन टरफलं हाती लागली तेव्हा त्याला रडू फुटलं.

"माझ्यासारखा शहाणा मीच," तो म्हणाला. "शत्रूला चकवायला गेलो आणि त्याला बरोब्बर घरी आणून सोडलं."

 सगुणाने त्याच्या पाठीवरची वाळू झटकली. "उरलेली दोन पोरं निघतील आता. त्यांना ओरडायला मी शिकवीन. तुम्ही राहू द्या."

दुसऱ्या दिवशी महाराजांचा निरोप आला. "आम्हाला ज्या काठावर काम काढायचं असेल, त्याच्या समोरच्या काठावर तुम्ही बोंब ठोकायची. राहायला कातळ मिळेल, शिवाय रोज मिरवणूक." रावजीने नको म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट हळू आवाजात सांगितली होती.

महाराजांनी मन मोठं केलं आणि जंगलभर जाहिरात लावली. "पाहिजेत: खणखणीत आवाजाचे प्राणी. काम: नेमून दिलेल्या काठावर ओरडणे. पंख, चोच किंवा अंडी असण्याची अट नाही."

अर्ज इतके आले, की आता तळ्याचा एकही काठ शांत नसतो. जनावरं सकाळपासून येऊन बसतात, दोन्ही बाजूंना टाळ्या देतात आणि आज कोण जास्त चांगलं ओरडलं यावर भांडत घरी जातात. खांब दर आठवड्याला थोडे थोडे वाढलेले दिसतात, पण तो विषय अजून कुठल्याच सभेत निघालेला नाही.